दिवेलागणीची खोली

शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर उभी राहून मी दिव्याची शेड सारखी करत होते, तेवढ्यात दारातून बाबा म्हणाले, "भिंगरी, खाली उतर. पडशील." आणि मी खरोखरच पडले असते. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांनी मला माझ्या कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती. मी 'अहो बाई' होते, 'त्या ऑफिसातल्या' होते, मध्यंतरी काही दिवस 'नवीन नर्स' होते, आणि नर्स म्हणून माझं काम त्यांना पसंत नव्हतं. त्यांना सांभाळायला दिवसभर येणाऱ्या मावशींकडे त्यांनी माझी तक्रारही केली होती, की ही फार हुकूम सोडते. भिंगरी हे नाव लहानपणी मी एका जागी ठरत नसे म्हणून पडलेलं. ते घराबाहेर कधी गेलं नाही, आणि आई गेल्यानंतर घरातही राहिलं नाही. शिडीचे दोन्ही दांडे घट्ट धरून मी एकेक पायरी उतरले. बाबा आत आले. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, कपाटाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि पाणीपुरवठा खात्यात दिवसभर नळांचे नकाशे काढून घरी आल्यावर बसायचे तसे पाय लांब करून बसले. दिवा लावलास ते बरं केलंस, म्हणाले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडला आणि तोंडावर टॉवेल धरून रडले. इतका आनंद मला शेवटचा कधी झाला होता ते आठवेना.

लोकांची घरं सजवणं हा माझा धंदा. पडदे, गालिचे, फर्निचर सगळंच मी करते, पण नाव झालं ते दिव्यांमुळे. उजेड दिसावा, दिवा दिसू नये, हे मी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा ऐकवलंय की आता बोलताना माझाच मला कंटाळा येतो. माझं राहतं घर म्हणजे माझं दुकान. कुणाला नमुना बघायचा असला की मी सरळ घरी घेऊन यायची. छताच्या खोबणीतून झिरपणारा उजेड, भिंतींवर एकही बटण नाही, सगळा कारभार फोनवर. हॉलमध्ये काळाभोर गालिचा, जेवणाच्या टेबलामागे या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा, म्हणजे लहान जागा दुप्पट वाटते. फरशी अशी चकचकीत की तिच्यात छत दिसावं. मासिकांतून या घराचे फोटो आलेत. अशा घरात मी बाबांना आणलं, कारण त्यांना एकटं ठेवण्यात आता अर्थ नव्हता, आणि मी लग्नाबिग्नाच्या भानगडीत पडले नसल्याने माझ्याकडे एक खोली रिकामी होती. पहिल्याच दिवशी ते हॉलच्या कडेकडेने, भिंतीला पाठ लावून चालले. मला कळेना. मग त्यांनीच माझा हात धरून मला थांबवलं आणि सांगितलं, तिकडे जाऊ नका बाई, खड्डा आहे. खड्डा म्हणजे माझा गालिचा. फरशी त्यांना ओली वाटे, म्हणून ते पँट घोट्यांवर उचलून धरत. आरशातल्या म्हाताऱ्याला ते रोज विचारत की आपलं काय काम आहे, आणि तो उत्तर देत नाही हे मनाला लावून घेत. संध्याकाळ झाली की दोन्ही तळवे भिंतीवरून फिरवत बटण शोधत राहत, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. दिवे लागलेलेच असत. पण उजेड कुठून येतोय ते दिसत नसल्यामुळे त्यांच्या लेखी तो अंधारच होता. दिव्याखाली अंधार म्हणतात. माझ्याकडे तर बोट दाखवायला दिवासुद्धा नव्हता. मी गालिचा गुंडाळला, आरशावर चादर टाकली आणि गिऱ्हाइकांना घरी आणणं बंद केलं.

माझा भाऊ, दादा, दूर राहतो आणि तिथून फोनवर काळजी करतो. त्याचं म्हणणं, अशा माणसांसाठी चांगल्या संस्था असतात, तिथे शिकलेली माणसं असतात, तू एकटी किती दिवस पुरणार. त्याचं काही चुकत नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हटलं, जगाला घरं करून देते, बापाला एक खोली करून देता येणार नाही मला? रागाच्या भरात बोलले, पण फोन ठेवल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. बाबा रोज दुपारनंतर घरी जायचं म्हणत. सामान बांधत, म्हणजे उशी, दोन-चार चमचे आणि माझी एखादी चप्पल असं काहीबाही पिशवीत घालत आणि दाराशी जाऊन बसत. त्यांचं घर म्हणजे आम्ही दोघं भावंडं जिथे वाढलो ती खात्याची दोन खोल्यांची जागा. ती इमारत आता पाडलीय. तिकडे जाता येत नाही तर ती इथे आणावी, त्यात अवघड ते काय? मी माझ्या रिकाम्या खोलीतलं सगळं बाहेर काढलं, बाबांचा पलंग माझ्या खोलीत हलवला, मी हॉलमध्ये झोपू लागले आणि काम सुरू केलं. या खोलीत त्यांचा जीव रमेल असं मी दादाला सांगितलं. मनात मात्र वेगळंच होतं. या खोलीत ते मला ओळखतील, एवढंच मला हवं होतं. बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

जुने फोटो होते, पण त्यांत मला पाहिजे ते काही नव्हतं. जिथे कपाट दिसायला हवं तिथे नेमकं मामाचं डोकं. म्हणून मी डोळे मिटून बसायची आणि त्या खोलीतून फिरायची. भिंतीचा रंग हिरवा, पण पिस्त्याचा नाही, पोपटीही नाही. निरनिराळ्या डब्यांतला उरलासुरला रंग एकत्र ओतल्यावर जो होतो तो. रंगारी वैतागला. कपाटाचं दार मला किंचित लोंबतं हवं होतं, उघडताना खालून घासलं पाहिजे. हे ऐकल्यावर सुताराने हातातली करवत खाली ठेवली आणि म्हणाला, "ताई, बिघडवायचंच होतं तर मला कशाला बोलावलंत? घरच्या घरी झालं असतं की." पण केलं बिचाऱ्याने, मनाविरुद्ध, आणि अगदी मला हवं तसं घासणारं केलं. पलंगावर चौकड्यांची चादर. भिंतीत दोन खिळे, एक आईच्या पर्ससाठी आणि एक उगीचच. भिंतीवर काळं, मोठं, दाबल्यावर खटकन वाजणारं बटण. दिव्याची शेड आईने जुन्या पडद्यातून शिवलेली असे. पिवळट कापडावर बारीक पानं, आणि एका बाजूला बल्ब टेकून टेकून पडलेला तपकिरी डाग. तसं कापड मिळवण्यासाठी मी सगळा बाजार पालथा घातला. डाग मी इस्त्रीने पाडला. राहिली खिडकी. माझ्या घरातल्या या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. आकाश नावाला नाही. म्हणून पडद्यामागे मी खिडकीएवढा एक चपटा दिवा बसवला, ज्याचा रंग हवा तसा बदलता येतो, शेडमध्ये बल्बही तसलाच घातला आणि फोन हातात घेऊन रंग जुळवत बसले. सूर्य गेल्यावर आणि रस्त्यावरचे दिवे लागायच्या जरा आधी आकाश जसं निळसर राखी होतं तसं मला पाहिजे होतं. दुसरा कुठला रंग का नको, हे मी स्वतःला विचारलं नाही. डोळे मिटले की ती खोली मला त्याच उजेडात दिसायची, आत शेडखाली पिवळं आणि बाहेर राखी. तो जुळला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. काम मनासारखं जमलं की येतो तसलाच तो आहे, असं मी धरून चालले.

आणि मग बाबांनी दारातून हाक मारली, आणि पुढचे काही दिवस मी हवेत होते. संध्याकाळी घरी आले की थेट त्या खोलीत जायची. बाबा वर बघत आणि म्हणत, आलीस? किती साधं. जगातली सगळी माणसं रोज कुणाकडून तरी हे ऐकत असतील आणि त्यांना पत्ताही नसेल. मी कधी त्यांच्यासाठी शाळेतली असायची, कधी नुकती नोकरीला लागलेली, पण असायची मीच. केस एवढे बारीक कुणी कापायला सांगितले म्हणून ते मला बोलले. वरच्या मजल्यावर पाणी कसं चढतं ते त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर काढून दाखवलं, आणि मी मुद्दाम चुकीचे प्रश्न विचारले, कारण मी चुकले की ते कपाळाला हात लावत ते मला पुन्हा बघायचं होतं. मी गिऱ्हाइकांच्या वेळा बदलल्या, काहींना सरळ नाही म्हटलं. एका जागी न ठरणारी मी त्या पलंगाच्या कडेला तासन् तास बसायला लागले. दादाला अभिमानाने सांगितलं, तर तो म्हणाला, दे बघू त्यांच्याकडे. मी फोन बाबांच्या कानाला लावला. बाबांनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि कोण बोलतंय म्हणून विचारलं. दादाबद्दल मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण त्याच्याआधी क्षणभर आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या. हे माझं होतं. मी केलं होतं.

बूट माझ्या उशिरा लक्षात आले. खोलीत बसताना बाबा बूट घालून बसत, नाडी बांधून. मी एकदा काढायला वाकले तर पाय मागे घेतला. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती आणि तिची पाळी संध्याकाळी सुटत असे. बाबा तिच्याआधी घरी येत, दिवा लावत, चहाचं पाणी ठेवत आणि बूट न काढता बसून राहत, कारण हिला उशीर झाला तर स्टॉपपर्यंत बघायला जायचं असे. ती येईपर्यंत कुणी जेवत नसे. आम्ही दोघं पलंगावर अभ्यासाची पुस्तकं उघडून बसायचो, पण अभ्यास कुणाचाच होत नसे. जिन्यावर पाऊल वाजलं की तिघांच्याही माना वर व्हायच्या. मग कधीतरी ती यायची, पर्स खिळ्याला अडकवायची, आणि घर सुरू व्हायचं. आता बाबा म्हणत, हिला आज उशीर झाला. मी म्हणायची, येईल. त्यांना ते पटायचं, मला त्यात फार काही खोटं वाटायचं नाही, आणि आम्ही पुन्हा पाण्याच्या नळांकडे वळायचो. पण मग ते जेवेनासे झाले. ती आल्यावर, एवढंच उत्तर. चहासुद्धा झाकून ठेवायला सांगत. एकदा मी आत गेले तर ते पडदा बाजूला करून उभे होते. रस्ता दिसतो का बघत होते. माझ्या चपट्या दिव्याला त्यांनी गाल टेकवला होता आणि त्या राखी उजेडात त्यांचा चेहरा इतका जवळ, इतका आशेने भरलेला होता की मला पुढे होववेना. दिवसभराचं मावशींनी सांगितलं. बाबा सकाळपासूनच खोलीत जातात, बटण दाबतात, बूट चढवतात. "नुसतं वाट बघणं चाललंय हो ताई. घास नाही, पाणी नाही. मी पण मग दाराकडे बघत बसते, काय करू."

दादा म्हणाला, खरं सांग त्यांना. एकदाच काय ते दुःख होईल. म्हणून मी सांगितलं. त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन म्हटलं, बाबा, आई गेली. बरीच वर्षं झाली तिला जाऊन. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी फोडलंय आणि आता खोटं बोलतेय. मग ते चेहऱ्यावर उतरत गेलं. ते रडले नाहीत. खाली वाकले, नाड्या सोडल्या, बूट काढून पलंगाखाली शेजारी शेजारी लावले, आणि विचारलं, "जेवली होती का?" मला प्रश्नच कळला नाही. "जाताना. काही खाल्लं होतं का तिने?" आईने शेवटी शेवटी काहीच खाल्लं नव्हतं, आणि ते मी सांगून बसले. ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर बाबा बूट घालून बसलेले, हिला आज उशीर झाला म्हणत. दादाला कुणी सांगावं की 'एकदाच' हा शब्द या घरात चालत नाही. मी पुन्हा सांगितलं, कारण तोवर त्यांना जेवून खूप वेळ झाला होता. पुन्हा तो चेहरा. पुन्हा तोच प्रश्न. या वेळी मी म्हटलं, हो बाबा, पोटभर जेवली होती. त्यानंतर मी सांगणं सोडलं. आईला मी एकदा पोहोचवून आले होते, ते पुरे होतं. रोज कामावरून येऊन तिला नव्याने मारणं माझ्याच्याने होणार नव्हतं.

त्याच सुमाराला एका नव्या घराचं काम मी संपवत आणलं होतं. नवराबायको दोघंही साधी, आनंदी, प्रत्येक गोष्टीला छान म्हणणारी. शेवटच्या भेटीत ती बाई जरा संकोचून म्हणाली, सगळं छान झालंय हो, पण संध्याकाळी इथे बसलं की हुरहूर लागते. कुणीतरी यायचं राहिलंय असं वाटतं. मी हसले आणि माझं नेहमीचं प्रवचन सुरू केलं. खोली म्हणजे भिंती आणि सोफे नव्हेत. माणूस खोलीत शिरतो तेव्हा त्याचं अंग आधी उजेड बघतं आणि किती वाजलेत ते ठरवतं, घड्याळ मागून येतं. तुमच्या दिव्यांचा रंग दिवेलागणीचा आहे, म्हणून तुमच्या अंगाला वाटतं की माणसं घरी यायची वेळ झाली, आणि सगळी आलेली असली तरी ते आपलं मोजत बसतं... एवढं बोलून मी थांबले. ती दोघं पुढचं ऐकायला थांबली होती. मला पुढचं काही आठवत नव्हतं. मी पर्स उचलली, बहुधा काहीतरी सबब सांगितली, आणि रस्त्यावर आल्यावर कुठल्या तरी दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. बाबांना मी घर दिलंच नव्हतं. भिंत, कपाट, चादर हे नुसतं भोवतीचं. खरं मी जे केलं होतं, आणि इतकं हुबेहूब केलं होतं की आयुष्यात माझ्या हातून दुसरं काही इतकं नेमकं झालं नाही, ती होती आई यायच्या आधीची वेळ. ती मी दिव्यांत कोंडून ठेवली होती. तिथे कधी अंधार पडत नव्हता, म्हणून आई कधी येत नव्हती.

चूक कळली की दुरुस्त करावी, धंद्यात मी तेच करते. घरी जाऊन मी पडद्यामागचा दिवा सकाळचा केला, बल्ब पांढरा केला. बाबा दाराकडे बघत होते ते हळूहळू इकडे तिकडे बघू लागले. खांदे खाली आले. त्यांनी बूट काढले आणि मला विचारलं, बाई, हे कुणाचं ऑफिस? मी आणून ठेवलेलं सगळं ते जेवले आणि छान आहे म्हणाले. मी हिंमत करून विचारलं, मी कोण? त्यांनी मला नीट न्याहाळलं, आठवत नाही म्हणून ओशाळले, आणि हात जोडून म्हणाले, माफ करा. मला ते सहन झालं नाही. मी उजेड परत फिरवला, राखी आणि पिवळा, आणि त्यांचे डोळे माझ्यावर स्थिरावले, आणि ते म्हणाले, भिंगरी, हिला आज फार उशीर झाला गं. नंतर कितीतरी दिवस मी मधला रंग शोधत होते. अशी एखादी सकाळ, एखादी दुपार, जिच्यात ते मला ओळखतील आणि कुणाची वाट बघणार नाहीत. पण त्या घरातली सकाळ मला आठवेचना. सकाळी मी डोळे चोळत शाळेला पळालेली असायची. दुपारी घराला कुलूप. खोलीत आम्ही दोघं असे एकमेकांकडे बघत बसायचो ते फक्त त्या एका वेळेला, तिची वाट बघताना. त्यामुळे बाबांची भिंगरी म्हणून मी जी काही होते ती त्या उजेडातलीच होते. माझी सकाळ शोरूममधली होती, कुणाचीही. तीत बाबा जेवत, झोपत, मावशींशी गप्पा मारत, आणि मला अहो म्हणत.

मग मी जे केलं ते सांगते. दिवसभर खोलीत सकाळ ठेवायला मी मावशींना शिकवलं. आणि संध्याकाळी घरी आले की मावशींना रजा देऊन मी स्वतःच्या हाताने दिवेलागण करायची. थोडाच वेळ, असं स्वतःला सांगून. तेवढ्या वेळापुरते ते माझे बाबा असत आणि तेवढ्या वेळापुरता त्यांचा जीव टांगणीला लागे. मला ते दिसत होतं. ते बूट शोधायला पलंगाखाली हात घालत, आणि तरी मी रोज करायची. रोज माझ्यासाठी त्यांना त्या खुर्चीत वाट बघायला बसवायची. दुकान माझं, दिवे माझे, आणि आता बापही दिव्यावर चालणारा. अशाच एका संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसले होते आणि डोळ्यांतून पाणी कधी वाहायला लागलं ते मला कळलंच नाही. बाबांनी दाराकडची नजर काढली. खुर्ची पुढे ओढली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रडतेस कशाला वेडे," ते म्हणाले. "येईल ती. आजवर कधी आली नाही असं झालंय का?" त्यांचा स्वतःचा चहा तसाच झाकून ठेवलेला होता, आणि ते मला धीर देत होते. मला वाटलं आपण जमिनीत जावं. आम्ही दोघंही तिचीच वाट बघत होतो. फक्त ती येणार नाही हे त्यांना माहीत नव्हतं आणि मला होतं, आणि माहीत असून मी त्यांना सोबतीला धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दादाला फोन केला. खोली मोडतेय, म्हटलं. त्याने कारण विचारलं नाही, म्हणाला, मी येतो. दिवसभर मी काही काम केलं नाही. संध्याकाळी ताट वाढून खोलीत नेलं, बाबांच्या समोरच्या स्टुलावर ठेवलं, आणि शेवटची दिवेलागण केली. आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट असते. उजेड पुरेसा हळू बदलला तर डोळ्याला कळत नाही. मोठ्या हॉटेलांतून मी ते केलंय. माणसं जेवायला बसतात दुपारी आणि उठतात रात्री, पण बदललं कधी ते कुणी सांगू शकत नाही. मी ते उलटं लावलं. संध्याकाळकडून सकाळकडे, अगदी सावकाश. फोन पालथा ठेवला आणि पलंगाच्या कडेला त्यांच्यासमोर बसले.

"आलीस?" बाबा म्हणाले. मी म्हटलं, आले. मला त्यांना पुष्कळ सांगायचं होतं, आणि त्यातलं काहीच सुचेना. म्हणून विचारलं, "बाबा, मी लहानपणी कशी होते हो?"

"होते म्हणजे? आहेस की समोर." ते हसले. मग जरा विचार करून सांगू लागले. "तुला एकदा पंपघर दाखवायला नेलं होतं. आठवतं? केवढा तो पाइप, तुझ्या डोक्याच्याही वर. तू त्याला कान लावलास आणि म्हणालीस, बाबा, आत कुणीतरी चालतंय. मी साहेबांशी बोलायला वळलो, तेवढ्यात तू पसार." मला आठवत नव्हतं. मी मान हलवली. पडद्याचा राखी रंग किंचित निवळला होता. ते फक्त मला दिसत होतं. "सगळीकडे शोधलं. हाका मारतोय, भिंगरी, भिंगरी, आणि यंत्रांचा हा आवाज. ती लहानशी. हौदाला कठडा नाही. माझ्या छातीत अशी धडधड." ते बोलताना दाराकडे बघायचे थांबले होते. हात मांडीवर सैल पडले होते. शेडचा पिवळा रंग फिकट होत होता, पानं दिसेनाशी झाली होती. "तिथले सगळे लोक शोधायला लागले. मुलगी होती कुणाची तरी. लहान होती. लाल फ्रॉक." ते थांबले. भुवया जवळ आल्या. काहीतरी अगदी तोंडाशी येऊन ठेपलं होतं, आणि मला फोन उचलता आला असता, एका बोटाचं काम होतं, मी तो हात दुसऱ्या हाताने दाबून धरला.

"मग?" मी विचारलं. "सापडली का ती?"

"कोण?" बाबांनी सहज विचारलं. खोलीत लख्ख सकाळ झाली होती. त्यांचं लक्ष ताटाकडे गेलं, त्यांनी ते जवळ ओढलं आणि जेवू लागले. भूक लागली होती, भराभर जेवले. मी दुसरीकडे कुठेही न बघता त्यांच्याकडेच बघत बसले. बऱ्याच वेळाने त्यांना समोर कुणी तरी बसल्याचं जाणवलं आणि त्यांनी घास हातातच ठेवून विचारलं, "तुम्ही कुणाच्या म्हणायच्या?"

"इथलीच," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. "मग जेवून घ्या. कुणासाठी थांबू नका."